जोडीतला उजवा

मी एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. मला पाहून नाक मुरडू नका, मित्रांनो. एके काळी दुकानाच्या काचेत मी असा काही मिरवत असे की रस्त्याने जाणारी माणसं चालता चालता थबकत. माझा जोडीदार डावा. आम्ही एकाच कातड्याचे. एका खोक्यात, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायथ्याशी, असे झोपून आम्ही लहानाचे मोठे झालो. मोठे म्हणजे काय, मापाने तेवढेच राहिलो.

आम्हाला विकत घेतलं एका मुलीने. मित्र तिला 'घाई' म्हणत आणि नाव तिला अगदी शोभत होतं. जेवायला बसली की हात धुवायला उठलीच! तिच्यासोबत आम्ही घाट चढलो, ओढे ओलांडले. दिवसा ती म्हणायची, "माझ्या बुटांसारखे बूट नाहीत." मुक्कामाला पोहोचलो की तिचा मित्र भोपळ्या नाक धरून आम्हाला दाराबाहेर ठेवायला लावायचा. कौतुक आणि हेटाळणी एकाच दिवसात पचवायची सवय मला तिथेच लागली.

एका वर्षी घाई, भोपळ्या आणि त्यांची एक मैत्रीण, असे तिघे पाठीला सॅक लावून एका दूरच्या देशात हिंडायला गेले. तिथे त्यांच्या जन्माआधी मोठं युद्ध झालं होतं. संपलं ते संपलं, असं त्यांना वाटत होतं. पण तिथल्या भिंतींना अजून गोळ्यांचे खळगे होते आणि त्या खळग्यांत चिमण्यांनी संसार थाटले होते. तोफगोळ्याच्या रिकाम्या नळकांड्यात कुणी कांद्याची पात लावली होती. एका शाळेची घंटा तर बॉम्बच्या टरफलाची होती. ती वाजली आणि तिघेही भर रस्त्यात उभे राहिले. इतका गोड नाद! माझ्या तळव्यापर्यंत शहारा आला. माणसं मारायला आलेलं लोखंड पोरांना डबा खायला बोलावत होतं.

डोंगरातल्या रस्त्याच्या कडेने लाल रंगवलेले दगड ओळीने मांडले होते. "किती हौशी लोक आहेत!" घाई म्हणाली. "रस्तासुद्धा सजवलाय." तिघांनी त्या दगडांपाशी हसत हसत फोटो काढले. मीही एका दगडावर ऐटीत टेकलो होतो.

पुढे रस्ता लांबचा वळसा घेऊन उतरत होता आणि खालच्या वळणावर झरा चमकत होता. "तुम्ही या मागून," म्हणत घाईने दगड ओलांडला आणि सरळ उतरणीला लागली. माती ओली आणि मऊ होती. मला तर गादीवर चालल्यासारखं वाटलं.

"थांब! पाय उचलू नकोस!"

वरच्या रस्त्यावर शेळ्या राखणारी एक बाई कुबडीवर रेलून उभी होती.

"का हो मावशी? काय झालं?"

"लाल दगडाच्या पलीकडे सुरुंग आहेत, बाळा. लढाईतले. मातीत तसेच पडून आहेत."

घाई पुरती घाबरली. तिची बोटं माझ्या आत मुडपली, म्हणून मला ते सगळ्यांत आधी कळलं. भोपळ्या "घाई!" करत धावत सुटला, तर मावशीने त्याच्यासमोर कुबडी आडवी घातली. "तू गेलास तर मला दोघांसाठी रडावं लागेल. उभा राहा गप." सुरुंग काढणारे लोक दोन डोंगर पलीकडे होते आणि आभाळ भरून येत होतं. पाऊस आला असता तर मातीतले ठसे पुसले गेले असते.

"ऐक," मावशी म्हणाली, "आलीस तशीच परत ये. तुझ्याच ठशात पाऊल टाक, तसूभरही इकडेतिकडे नको. माझ्याकडे बघू नकोस, बुटांकडे बघ."

घाई जागच्या जागी वळली आणि जन्मात पहिल्यांदा सावकाश चालू लागली. ठसा शोधायचा, त्यात मला अलगद उतरवायचं, श्वास सोडायचा, मग डाव्याची पाळी. ती उलटी फिरल्यामुळे डाव्याच्या ठशात मी आणि माझ्या ठशात डावा, असे आम्ही पडत होतो. आजवर आम्ही एकमेकांच्या शेजारी चाललो होतो, त्या दिवशी एकमेकांच्या जागी चाललो. मी फार घाबरलो होतो, मित्रांनो. पहिला थेंब माझ्या चवड्यावर पडला तेव्हा लाल दगड अजून लांब होता. तो ओलांडला आणि घाई मावशीच्या गळ्यात पडली.

मावशी रागावली नाही. पाठीवरून हात फिरवत राहिली. तेव्हा कुठे तिघांना दिसलं, मावशीला एकच पाय होता आणि त्या पायात पार फाटलेला एकच बूट.

"आणि दुसरा बूट?" भोपळ्याने विचारलं. कधी काय विचारावं याचा त्याला काही पाचपोच नाही.

मावशी खळखळून हसली. "शाळेतल्या बाईंकडे! त्यांचा उजवा पाय गेला, माझा डावा. माप एकच, मग दोन जोड कशाला घ्यायचे? आम्ही बूटसोयऱ्या. इथे घरोघरी हीच रीत. फक्त जास्त कुणी झिजवला यावरून भांडतो."

मी थक्क झालो. उंच शिखरं पाहिली होती मी, पण इतकं लहान कधी वाटलं नव्हतं.

घाईने तिथेच बसून आमच्या नाड्या सोडल्या. "माप बघा बरं, मावशी." माप जुळलं. घाई सॅकमधल्या चपला घालून पुढच्या गावाला गेली. जाताना तिने मला दोन्ही हातांत धरलं आणि रडली. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता डावा शाळेत जातो आणि फार शहाण्यासारखा बोलतो. मी शेळ्यांमागे हिंडतो. बाजाराच्या दिवशी दोघी भेटतात, मग आमच्याही गप्पा होतात. दरवर्षी पावसाने दगडांचा रंग उडतो आणि मावशी डबा घेऊन ते पुन्हा रंगवते. ते दगड तिनेच मांडले आहेत. तिचा पाय त्याच उतरणीवर गेला, झऱ्याचं पाणी आणताना.

बूट पुसून ठेवावेत, हे तुम्हाला घरी शिकवतातच. माझं मागणं वेगळं आहे. अनोळखी मुलखात गेलात तर पाऊल टाकण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, "इकडून जाऊ का?" तुम्हाला सांगायला कुणीतरी उभं असेल. मावशी त्या उतरणीवर निघाली, तेव्हा विचारायला कुणीच नव्हतं.