माझ्या पोटातून गेलेली पावलं

मी एक जुनी मोरी आहे. लगेच नाक मुरडू नका हं! घरातली भांडी घासायची मोरी नव्हे मी. रस्त्याच्या खालून ओढ्याचं पाणी पलीकडे नेते, ती दगडी मोरी. दोन्हीकडे जंगल, मधून रस्ता आणि रस्त्याच्या पोटात मी. मोठ्या माणसाने कंबरेत वाकलं की आत येता येईल एवढी माझी उंची. मित्रांनो, तुम्ही माझ्या डोक्यावरून शंभरदा गेला असाल, पण खाली कोणी आहे याचा तुम्हाला पत्ताही नसेल.

चार गवंड्यांनी मला बांधलं. शेवटचा दगड बसवून झाल्यावर त्यांच्यातला म्हातारा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "झालं! आता शंभर वर्षं हिच्याकडे बघायला नको." आणि खरंच कोणी बघितलं नाही! तेव्हा वरून दिवसाला चार-दोन गाड्या जात. जनावरं रस्ता वरूनच ओलांडत. मग गाड्या वाढल्या, इतक्या वाढल्या की माझे सांधे दिवसभर थरथरू लागले.

एका संध्याकाळी माझ्या तोंडाशी साळिंदर येऊन उभं राहिलं. हुंगलं, मागे सरलं, पुन्हा हुंगलं. मी श्वास रोखून धरला. मोरीला कुठला श्वास म्हणता? बरं बाबा, नसेल, पण मी तो रोखला होता. काटे खुळखुळवत ते माझ्यातून पार गेलं आणि मला कळलं, मी नुसत्या पाण्याची नाही.

त्यानंतर काय काय पाहिलं म्हणून सांगू! एका कासवाला माझ्यातून पलीकडे जायला अख्खी सकाळ लागली, आणि त्याने एकदाही घाई केली नाही. ज्या दगडाला अंग घासून ससा गेला, त्याच दगडापाशी घटकाभराने कोल्हा थांबला, विचार केल्यासारखा उभा राहिला आणि निघून गेला. एवढा मोठा जीवांचा पसारा माझ्या एवढ्याशा पोटातून जातो, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

आता आमच्या मुकादमांबद्दल सांगते. या रस्त्याची देखभाल त्यांच्याकडे. मुळात हाडाचे गवंडी, आणि टापटिपीचं भारी वेड. त्यांची बायको म्हणते, "ह्यांच्यासमोर चहाचा कप ठेवायची सोय नाही, लगेच खालचा डाग पुसतात." रोज फटफटताच ते माझ्यापासून कामाला सुरुवात करत. माझ्यात अडकलेला पाला काढत, शेवाळ खरवडत. सख्ख्या मुलाने केलं नसतं एवढं त्यांनी माझं केलं.

गेल्या वर्षी माझ्या डोक्यावरच एका गाडीखाली अस्वलाचं पिल्लू गेलं. मुकादमांनीच ते उचललं. आई झाडीत उभी होती. मुकादमांनी तिच्याकडे बघितलं आणि दोन दिवस घरी धड जेवले नाहीत. मित्रांनो, त्या आईने काढलेल्या आवाजाबद्दल मी जास्त सांगणार नाही.

यंदा रस्ता रुंद करायचं ठरलं. साहेब नकाशा घेऊन आले. मला पाडून माझ्या जागी दोन बारीक नळ टाकायचे, पाणी तेवढं गेलं म्हणजे झालं, असा त्यांचा बेत. तेव्हा प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या ताई पुढे झाल्या. "साहेब, इथून जनावरं जात असतील तर?" त्या म्हणाल्या.

"दाखवा," साहेब म्हणाले. "महिनाभराची मुदत देतो."

उन्हाळ्याने ओढा आटला होता. ताईंनी माझ्यात बारीक वाळूचा गुळगुळीत थर अंथरला. त्यावरून कोणी गेलं की पाय उमटणार. दर सकाळी आठला त्या येत, वाकून बघत आणि वहीत लिहीत, शून्य. पुन्हा शून्य. मला वेडच लागायची पाळी आली. अहो, काल पाच जण गेले माझ्यातून! मी ओरडत होते, पण दगडाचं कोण ऐकतं?

आणि हे कोणी केलं होतं माहीत आहे? आमच्या मुकादमांनी! त्यांना वाटलं, साहेबांनी वर सिमेंट ओतायला वाळू अंथरून ठेवलीय आणि रानातली कुत्री ती तुडवतायत. गवंडी माणूस, खडबडीत थर बघवतो होय? रोज पहाटे अंधुक उजेडात, चष्म्याविनाच ते गुडघ्यांवर बसत आणि लाकडी फळी फिरवून वाळू पुन्हा अशी सपाट करत की बघत राहावं. ताई यायच्या वेळी ते रस्त्यावर कोसभर पुढे गेलेले असत.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ताई सामान आवरायला लवकर आल्या. बघतात तो मुकादम आत गुडघ्यांवर बसून फळी फिरवतायत.

"काका, काय करताय?"

"या ताई. अहो, रोजचा वैताग झालाय. मी थर लावायचा आणि ह्यांनी तुडवायचा."

"ह्यांनी म्हणजे कोणी?"

"ते मेले पाय दिसतात ना रोज, ढिगाने..."

ताई वाळूतच मटकन बसल्या. आधी हसल्या, मग त्यांचे डोळे भरून आले. ताईंकडून वाळूचं खरं कारण ऐकल्यावर मुकादमांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्या हातून फळी खाली पडली.

ताईंनी साहेबांना फोन लावला. "एकच दिवस द्या."

"महिनाभर शून्य, आणि आता एका दिवसात काय दिवे लावणार?" साहेब वैतागले. पण उद्या सकाळी स्वतः येतो म्हणाले.

त्या संध्याकाळी वाळू मुकादमांनी अंथरली. आयुष्यात इतका सुंदर थर त्यांनी कोणाच्या घरात लावला नसेल. जाताना माझ्या दगडावर हात ठेवून ते हळूच पुटपुटले, "बाई गं, लाज राख." माझ्या हातात काय होतं? मी आपली तोंड उघडं ठेवून वाट बघत राहिले.

सकाळी तिघं आली. वाकून आत बघितलं. वाळूवर मुंगसाची बारीक बोटं होती. साळिंदराने काटे फरफटवलेल्या रेघा होत्या. सशाच्या उड्या होत्या. आणि मधोमध एक पाऊल होतं, टाच आणि पाच बोटं, लख्ख उमटलेलं.

"अनवाणी कोण गेलं हो इथून?" मुकादम चक्रावले.

"माणूस नाही, काका. अस्वल आहे. मादी." ताईंनी बोट पुढे केलं. "आणि हे बघा."

मोठ्या पावलाच्या आत एक इवलंसं पाऊल होतं. पिल्लू आईच्या पावलात पाऊल टाकून गेलं होतं.

"तीच का?" मुकादमांनी विचारलं. "गेल्या वर्षीची?"

"सांगता नाही यायचं, काका. असेलही."

मुकादमांनी वाळूला हात लावला नाही. नुसते बघत राहिले. "महिनाभर," ते म्हणाले, "महिनाभर मी हिला पुसत होतो." आणि तो एवढा मोठा माणूस माझ्या भिंतीला टेकून हमसून हमसून रडला.

साहेबांना माझं पलीकडचं तोंड बघायचं होतं. त्यांनी बूट काढून हातात घेतले आणि भिंतीला अंग घासत, एकाही ठशावर पाय न पडू देता ते गेले. पलीकडे पोचल्यावर खिशातून पेन काढलं आणि नकाशावरच्या दोन नळांवर काट मारली.

रस्ता रुंद झाला, मीही लांब झाले. दोन्ही बाजूंना जाळी लागली, जनावरांना वर जाऊ न देता माझ्याकडे वळवणारी.

मित्रांनो, शेवटी "माझी काळजी घ्या" असं म्हणायची आम्हा जुन्या वस्तूंची रीत आहे. पण माझी काळजी घेणारा होताच, आणि त्याच काळजीपायी मी जवळजवळ जाणारच होते. म्हणून मी एवढंच मागते. साफ करा, खुशाल करा, पण हात फिरवण्याआधी एकदा वाकून बघा.

मुकादम अजून रोज फटफटताच येतात. फळी बाहेर ठेवतात, चष्मा लावतात, गुडघ्यांवर बसतात आणि मला विचारतात, "काय बाई, आज कोण कोण येऊन गेलं?" मग बोटाने एकेक पाऊल मोजतात. अस्वलाच्या पावलापाशी जरा जास्त वेळ थांबतात. पिल्लाचं पाऊल आता आईच्या पावलात मावत नाही.