मोठ्या पडद्यावरचं मोहाचं झाड

सोमवारी सकाळी अकरा वाजता पुनमने अजयची फोटो-गॅलरी इंटरनेटवर सुरू केली. पहिलाच फोटो वाघिणीचा होता. नाल्याच्या काठी, दोन पिल्लांसह.

पुनम ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये बसून वेबसाइटच्या थीम, म्हणजे मांडणीचे तयार साचे, बनवते. अजय चंद्रपूरचा छायाचित्रकार. त्याची अट एकच होती: वाघीण कुठे राहते हे कुणाला कळता कामा नये. गडचिरोलीच्या त्या जंगलात मागच्या वर्षी एक वाघ तारेच्या फासात मेला होता. पुनमने प्रत्येक फोटोतली ठिकाणाची माहिती पुसून टाकली. नकाशा ठेवला नाही, फोटोखाली तालुक्याचं नावसुद्धा लिहिलं नाही.

शेवटची तपासणी सुरजची. तो त्याच जंगलाकाठच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या पाड्यावर, राहतो, वनखात्यात रोजंदारीवर आहे आणि त्या वाघिणीवर पायी नजर ठेवतो. त्याने रविवारी आपल्या मोबाइलवर एकेक फोटो पाहिला.

"अजयभाऊ, वाघीण बारकी अन् तुमचं नाव मोठं दिसून राह्यलं," तो फोनवर म्हणाला.

"जागा ओळखू येते का, ते सांग."

"मलेच येत नाई, तं दुसऱ्याले काय येते!"

थीम पडद्याप्रमाणे आकार बदलणारी होती. मोबाइलवर फोटोच्या दोन्ही बाजू कापल्या जाऊन वाघीण मधोमध यायची. मोठ्या पडद्यावर तोच फोटो पूर्ण पसरायचा. पुनमने तो तसा पाहिला होता. उजव्या कडेला मोहाचं झाड होतं, बुंध्यावर चुन्याचा पट्टा आणि त्यावर गेरूच्या तीन रेघा. तिला ती वनखात्याची खूण वाटली.

गुरुवारी दुपारी सुरजचा फोन आला.

"पुनमताई, घरी दोन माणसं येऊन गेले. मी नव्हतो. मायले कागदावर छापलेला मोठा फोटो दाखवला म्हणते. तुमच्या त्या फोटोत मोहाचं झाड हाय का? चुना मारलेलं?"

पुनमने मॉनिटरवर फोटो उघडला. "आहे. तीन लाल रेघा आहेत."

"मोबाइलवर तं नव्हतं."

"मोबाइलवर कडा कापल्या जातात."

सुरज म्हणाला, "आमचं झाड हाय ते, ताई."

टोल्यावर मोहाची झाडं घराघरांत वाटलेली आहेत. फुलं पडायच्या आधी प्रत्येक घर आपल्या झाडावर आपली खूण करतं आणि तिथली फुलं दुसरं कुणी वेचत नाही. आठवडी बाजारात मोह विकत घेणाऱ्यांनाही या खुणा पाठ असतात. फोटोतली खूण ओळखून बाजारातच कुणीतरी त्या दोघांना सुरजच्या आईचं, सुकरीबाईचं घर सांगितलं. आपण झाडं मोजणारे सरकारी लोक आहोत असं ते तिला म्हणाले. झाड कागदोपत्री आपल्या नावावर चढेल, या आशेने तिने नाल्यापर्यंतची वाट नीट समजावून दिली.

"फोटो काढला मी साइटवरून," पुनम म्हणाली. "तू साहेबांना सांग. एकटा जाऊ नको."

"सांगतलं. गाडी याले टाइम लागन म्हणे. तोवर वाघिणीले काय सांगू, जरा थांब म्हणून?"

फोन कटला.

वनखात्याची गाडी चारच्या सुमारास टोल्यावर पोहोचली. सुरजची सायकल नाल्याच्या अलीकडे उभी होती, कुलूप लावलेली. मोहाच्या झाडापाशी दोघांच्या बुटांचे आणि एकाच्या चपलेचे ठसे सापडले. तिन्ही नाल्याच्या वरच्या अंगाला गेले होते. पुढे खडक लागतो, तिथे माग तुटला. सुरज, वाघीण, पिल्लं, कुणीच पथकाला दिसलं नाही.

साइटवरून काढून टाकलेला फोटो शुक्रवारी सकाळी दुसऱ्या दोन साइटवर पूर्ण आकारात आढळला. पुनमने दोन्हीकडे तक्रार केली आहे, उत्तर आलेलं नाही.

त्याच सकाळी सुरजचा फोन एकदा लागला. कुणीतरी तो उचलला. सुकरीबाईने त्याला नावाने हाक मारली, पण पलीकडून कुणी बोललं नाही.