टाकीची सफाई

“ह्यां पीक आसा साहेब, घाण नाय!” दत्ताराम टाकीच्या कठड्यापाशी आडवा उभा राहिला.

“शेवाळाला पीक म्हणतोस? उद्या दिल्लीची कमिटी येतेय. त्यांना हे हिरवं डबकं दाखवू?” विद्याधरसाहेबांनी नाकाला रुमाल लावला.

साहेब मरोळच्या आमच्या संशोधन केंद्राचे नवे प्रमुख. बदलीवर आलेले; त्याआधी एका जलतरण तलावाचे व्यवस्थापक. शेवाळाशी त्यांचं जुनं वैर होतं. शेजारच्या तबेल्याच्या शेणावर आमचा गोबरगॅस चालायचा. त्यातून उरलेलं पाणी गाळून उथळ टाकीत सोडायचं, त्यावर शेवाळ वाढवायचं आणि त्यातून कोंबड्यांचं खाद्य, तेल, रंग काढायचा, एवढंच केंद्राचं काम. साहेबांनी ते समजून घेतलं नव्हतं. घ्यावं असं त्यांना वाटलंही नव्हतं.

“सर, कमिटी शेवाळच बघायला येतेय,” मी म्हणाले.

“मॅडम, तुमची बी.एस्सी. जरा बाजूला ठेवा. स्वच्छता आधी.” मग ते दत्तारामकडे वळले. “कायम व्हायचंय ना? मग टाकीचं बूच काढ.”

गिरणीच्या संपात दत्तारामची नोकरी गेली होती. इथे तो रोजंदारीवर. तळातल्या शेवाळालाही ऊन मिळावं म्हणून दिवसभर फळीने पाणी ढवळायचा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या वहीत बघितलं. त्याने बूच काढलं.

गटार हिरवंगार वाहिलं. टाकीला आतून चुना लागला. माझ्या प्रयोगशाळेत पुढच्या पिकासाठी जपलेल्या शेवाळाच्या बियाण्याच्या बाटल्याही साहेबांनी घासून उपड्या घालून घेतल्या. टाकीत नळाचं पाणी भरलं.

कमिटीतल्या एकाने चहा पिता पिता विचारलं, “शेवाळ कुठंय?”

“पहिल्या टप्प्यात आहे,” साहेब म्हणाले.

माना डोलल्या. वेफर्स संपले.

“हा काय करतो?” कमिटीच्या अध्यक्षांनी दत्तारामकडे बोट दाखवलं.

“ढवळतंय, साहेब,” दत्ताराम म्हणाला.

“दाखव बघू.”

दत्तारामने फळी उचलली आणि नितळ पाणी ढवळलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, रोजच्यासारखं. एवढी शिकलेली माणसं कौतुकाने बघत उभी होती.

“झकास! इतकं स्वच्छ केंद्र पाहिलं नव्हतं,” अध्यक्ष म्हणाले.

प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली. दत्ताराम कायम झाला. वॉचमन खंडूने त्याच्या पाठीत थाप मारली, “पक्का झालास की रे! पार्टी दे, यार!”

“पक्को झालंय रे. पण कसलो?” दत्ताराम म्हणाला.

नवीन बियाणं मागवायची माझी विनंती साहेबांनी फेटाळली. टाकी पुन्हा खराब होईल, म्हणाले.

पुढच्या आठवड्यात चुन्यावर एका कोपऱ्यात हिरवट पापुद्रा दिसला. साहेबांनी खिडकीतून ओरडून दत्तारामला घासायला काथ्या घेऊन टाकीत उतरायला लावलं. तो उतरला. कोपऱ्याशी वाकला, मग सरळ झाला. आपली सावली त्या हिरव्यावर पडतेय असं दिसल्यावर तो हळूच बाजूला सरकला आणि हातात काथ्या धरून उन्हात उभा राहिला.