मडकी दोन कित्याक?

पद्मावतीला प्रश्न विचारायची खोड लहानपणापासूनची. १९५८ साली ती शिरोड्याजवळच्या लोखंडाच्या खाणीवर कामाला लागली. माल पाटीत भरायचा, डोक्यावरून धक्क्यापर्यंत न्यायचा आणि पडावात, म्हणजे मालाच्या होडीत, ओतायचा, हे बायकांचं काम. कंत्राटदार एवढा चिकट, की फाटकी पाटी काथ्याने शिवून पुन्हा डोक्यावर द्यायचा. त्याच माणसाने पिण्याच्या पाण्याची मात्र दोन मडकी ठेवली होती आणि ती भरायला दोन बायका.

एक मडकं गावच्या बायकांचं. दुसरं विजापूरकडून दुष्काळात आलेल्या टोळीचं. त्या बायका रंगाने काळ्या, बोलायच्या कानडी. त्यांची जात कोणी विचारली नव्हती, रंगावरून सगळ्यांनी ती ठरवून टाकली होती.

"पाटी देवक ह्येचो जीव जाता, मगे मडकी दोन कित्याक?" पद्मावतीने आपल्या जावेला, विमलाला विचारलं.

"तेंच्या मडक्यातला पाणी तू पितलंस?" विमला म्हणाली, आणि पाटी उचलून चालू लागली.

दिवाळीनंतर कंत्राटदाराने नव्या पाट्या आणल्या, पण जुन्यांपेक्षा वीतभर जास्त रुंद. आठवड्यात बायकांच्या माना धरल्या. तेव्हा लाल बावट्याचा गुणाजी आला. तो मूळचा विजयदुर्गचा, पूर्वी परदेशी बोटीवर कोळसा टाकायचा. काजूच्या बागेत बायका जमवून त्याने बोटीवरची गोष्ट सांगितली. एकदा गोऱ्या खलाशांनी संप केला. त्यांनी काळ्यांना विचारलंच नाही. कप्तानाने काळ्यांना गोऱ्यांच्या जागी उभं केलं, संप मोडला, आणि पुढच्या फेरीला सगळ्यांचंच काम वाढलं.

"म्हणान सगळे कामगार एक होवक व्हये," गुणाजी म्हणाला.

सभा पांगल्यावर पद्मावती त्याच्याजवळ गेली. "गुणाजीभाऊ, सगळे एक तर मडकी दोन कशी?"

"पयलो पाटयेचो प्रश्न गो. आपण जिंकलो की बाकीचा आपोआप सुटतला."

"तुमच्या बोटीर सुटला?"

गुणाजीने पिशवी खांद्याला मारली आणि तो वाटेला लागला.

जुन्या मापाच्या पाट्यांसाठी संप झाला. तिसऱ्या दिवशी कानडी बायका त्याच रुंद पाट्या डोक्यावर घेऊन धक्क्यावर निघालेल्या दिसल्या. "बघ, तेंची जात!" विमला थुंकली. पाचव्या दिवशी सगळ्याजणी खाली मान घालून कामावर परतल्या.

त्या संध्याकाळी पद्मावती एकटीच कानडी बायकांच्या झोपड्यांकडे गेली. टोळीची पुढारी यल्लव्वा चुलीपाशी भाकरी थापत होती.

"आमच्या संपात तुमी कामार कित्या गेलात?"

यल्लव्वाने भाकरी उलटली. "तुमचा संप आमाला कोण सांगितलं? आमचं पाणी तुमाला चालत नाही. आमचा हात कसा चालेल?"

पद्मावती चुलीपाशी बसली. मग म्हणाली, "वाईच पाणी दी."

"इथं नको. उद्या खाणीवर पी. तुझ्या माणसांसमोर."

रात्रभर तिने विचार केला. दुपारी पाटी रिकामी करून ती सरळ दुसऱ्या मडक्यापाशी गेली.

"गो, तुजा मडका हय आसा!" मुकादम ओरडला.

"ठावक आसा," म्हणून तिने लोटा तोंडाला लावला.

मुकादम असा भडकला, की तिला नवल वाटलं. कामचुकारपणावरही तो एवढा चिडत नसे. दुसऱ्या दिवसापासून त्याने तिला सगळ्यात चढाची वाट दिली. ती वाट चढता चढता तिला उमगलं: दुसरं मडकं ही कंत्राटदाराची उधळपट्टी नव्हती, ती बायका एक होऊ नयेत म्हणून ठेवलेली त्याची राखण होती.

घरी सासूने तिचं ताट अंगणात मांडलं. विमलाने बोलणं टाकलं. पंधरा दिवसांनी गावच्या बायकांतली काशीबाई त्या मडक्यातलं पाणी प्यायली, कारण ऊन कडक होतं आणि आपलं मडकं रिकामं होतं. मग आणखी दोघी गेल्या.

गुणाजी पुन्हा आला तो आधी झोपड्यांवर. यल्लव्वासमोर उकिडवा बसून म्हणाला, "गोऱ्यांनी माका इचारूक नाय, ह्येचो राग मी पंधरा वर्सा धरलंय. हय मी तुका इचारूक नाय. चूक माजी."

शिमग्यानंतर दोन्ही टोळ्या एकदम संपावर बसल्या. नवव्या दिवशी कंत्राटदाराने निरोप धाडला: गावच्या बायकांना जुन्या मापाच्या पाट्या मिळतील, परक्यांना नाही. अर्ध्या बायका उठून उभ्या राहिल्या. विमलाही उठली होती. तिने पलीकडे बसलेल्या यल्लव्वाकडे पाहिलं, मुकादमाकडे पाहिलं, आणि पदर सावरून परत खाली बसली.

"आज तेंच्या डोक्यार, फाल्या आमच्या," ती म्हणाली. "बसा गो!"

बाराव्या दिवशी सगळ्यांना जुन्या मापाच्या पाट्या मिळाल्या. विमला त्या मडक्यातलं पाणी कधी प्यायली नाही, पण पद्मावतीचं ताट तिनेच अंगणातून आत आणलं.

पावसाआधी टोळी गावी निघाली. पद्मावती एसटीपर्यंत पोचवायला गेली.

"परत ये, ह्येका कानडीत काय म्हणतत?"

"मत्त बा," यल्लव्वा म्हणाली.

पद्मावतीने ते इतकं वेडंवाकडं म्हटलं, की गाडीतल्या सगळ्या बायका हसल्या. कंडक्टरने घंटी मारली, तरी ती धुरळ्यातून पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती.