छत्तीस किलोचा कमठा

शहापूरजवळच्या शेणवे गावाच्या पुढे ओढा ओलांडला की आठ घरांची ठाकूरवाडी लागते. तिथले नवसूबाबा कमठे करतात. कमठा म्हणजे बांबूचं धनुष्य. शिकारीवर बंदी येऊन माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली, त्यामुळे त्यांची गिऱ्हाइकं दोनच प्रकारची. शेतातून माकडं आणि रानडुकरं हाकणारे, आणि कमठा दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगणारे. नियम मात्र दोघांना सारखाच. कमठा घराबाहेर जाण्याआधी नवसूबाबा तो स्वतः पुरा ओढतात आणि तसाच धरून ठेवतात. सावळीकाकू, म्हणजे त्यांची बायको, पाच मोजते. पाच झाले की दोरी हळूहळू परत आणायची आणि मग कमठा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. शहापूरच्या एका डॉक्टरांना भिंतीवरचा कमठा मिळायला दोन महिने लागले होते, कारण नवसूबाबांचं बोट कोयत्याने कापलं होतं.

नियमाचं कारण बहुतेक वेळा अंगणातच बसलेलं असतं. ते म्हणजे मंगळ्याकाका, नवसूबाबांचे धाकटे भाऊ. चोवीस वर्षांपूर्वी नवसूबाबांनी घाईत एक कमठा न ओढताच त्यांच्या हाती दिला. तो मधोमध मोडला आणि वरचा तुकडा मंगळ्याकाकांच्या डाव्या डोळ्यात गेला. दोघे भाऊ याबद्दल भांडताना कोणी पाहिलेलं नाही. मंगळ्याकाका एवढंच म्हणतात, "एक गेला. दुसरा मी जपून वापरतो."

आणखी एक पद्धत आहे, तीही सांगायला हवी. गिऱ्हाईक आलं की नवसूबाबा त्याच्या हातात घरातलं मुसळ देतात. मधोमध धरून, हात पुढे लांब करून उभं राहायचं. हात किती वेळाने थरथरतो ते बघून ते बांबू निवडतात. मी ते मुसळ तोललं आहे. तीन किलो चारशे ग्रॅम.

२००१ साली मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले आणि शहापूरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायला लागले. माझा मामेभाऊ भगीरथ टोकावड्याचा. तो दक्षिण आफ्रिकेत एका खाणीवर क्रेन दुरुस्त करायचा. दिवाळीनंतर रजेवर आला तो साहेबाची चिठ्ठी घेऊन. साहेबाला धनुष्याने शिकार करायचा नाद होता, तोही टोकांना चाकं न लावलेल्या, जुन्या पद्धतीच्या धनुष्याने. भगीरथ एकदा बोलून गेला होता की आमच्याकडे असली धनुष्यं अजून करतात. साहेबाने ते लक्षात ठेवलं.

चिठ्ठीत तक्ता होता. कोणत्या जनावराला दोरी ओढायला किती जोर लागेल असं धनुष्य हवं, याचा. हरणाला चाळीस ते पन्नास पौंड, गाईएवढ्या मोठ्या हरणाला साठ ते सत्तर, रानरेड्याला ऐंशी. तेही दोरी अठ्ठावीस इंच मागे ओढल्यावर. साहेबाला रानरेडा हवा होता. ऐंशीखाली दोन रेघा होत्या. सोबत रेड्याचा फोटोही होता.

भगीरथ आणि मी वाडीवर गेलो. फोटो सगळ्यांच्या हातातून फिरला.

"ही तर म्हैस," मंगळ्याकाका म्हणाले.

"रानरेडा आहे, काका," भगीरथ म्हणाला. "सातशे किलो. गोळी लागली तरी उलटा अंगावर येतो."

"मग साहेब तिकडे कशाला जातो?"

"शौक."

"बायको नाय का त्याला?" सावळीकाकूने विचारलं.

"आहे."

"आणि ती काय म्हणत नाय?"

भगीरथने फोटो नवसूबाबांच्या हातात दिला.

नवसूबाबांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "बरगड्या कशा हायेत?"

हे चिठ्ठीत होतं. मी वाचून दाखवलं की बरगड्या रुंद असतात, एकमेकींवर चढलेल्या, मध्ये फट जवळजवळ नाहीच. नवसूबाबांनी मान डोलावली. मी ऐंशी पौंडांचं गणित केलं. छत्तीस किलो तीनशे ग्रॅम.

"बाय, माझा हा किती असेल गो?" त्यांनी कोपऱ्यातला स्वतःचा कमठा दाखवला.

शाळेतला ताणकाटा पाच किलोपर्यंतच मोजतो. म्हणून मी शेणव्याच्या गवताच्या वखारीतून पेंढ्या तोलायचा लटकता काटा मागून आणला. आधी वीस लिटरचा पाण्याने भरलेला कॅन लावून तपासला. कॅनचं स्वतःचं वजन धरून तो बरोबर निघाला. नवसूबाबांचा कमठा ते ओढतात तेवढा, म्हणजे चोवीस इंच ओढल्यावर, चोवीस किलो भरला. वाडीत त्याच्यापेक्षा जड कमठा कोणाकडे नव्हता.

"छत्तीस करतो," नवसूबाबा म्हणाले.

त्यांचं वय तेव्हा अठ्ठावन्न होतं. त्यांच्या हातचं काही परदेशात जाण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी चुलीवरच्या माळ्यावरून एक बांबू उतरवला. चार वर्षं धुरात राहून तो गुळासारख्या रंगाचा झाला होता. आकडा कागदावर होता, खाली दोन रेघा होत्या. मुसळाची कोणाला आठवण झाली नाही. मलाही नाही.

कमठ्याला बारा दिवस लागले. मी शनिवार-रविवार, आणि शेवटी रजा टाकून रोजच, काटा घेऊन जायचे. कमठा आंब्याच्या फांदीला मुठीपाशी बांधायचा, दोरीला काटा अडकवायचा, आणि एकाने काटा खाली ओढायचा. अठ्ठावीस इंच कळावेत म्हणून मी एका बाणाला तेवढ्या अंतरावर लाल दोरा गुंडाळला होता. नवसूबाबा बांबूच्या आतल्या बाजूने कोयत्याने थोडं तासायचे आणि मी आकडा लिहायचे. बारा डिसेंबरला छत्तीस किलो चारशे ग्रॅम भरले. भगीरथचं विमान वीस तारखेचं होतं.

मग नवसूबाबा कमठा घेऊन अंगणात उभे राहिले. सावळीकाकू दारात आली. मंगळ्याकाका उजव्या बाजूला सरकून बसले.

बाण एकोणीस इंचांपर्यंत आला आणि थांबला.

"उद्या," नवसूबाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा एकोणीस, आणि खांद्यात चमक. सावळीकाकूने करंजाचं तेल गरम केलं आणि चोळताना त्यांना ऐकवलं, "म्हातारपणी रेडे मारा. नातवंडांना सांगायला बरं."

अडचण दुहेरी होती. कमठा जड होता हे एक. दुसरं म्हणजे साहेब सहा फूट तीन इंच आणि नवसूबाबा पाच फूट एक. लाल दोऱ्यापर्यंत यायचं तर त्यांना दोरी कानाच्या मागे न्यावी लागणार होती. मी म्हटलं, "बाबा, तुमचे चोवीस इंच ओढले तरी चालेल. तुमचे हात तेवढेच लांब आहेत."

"साहेब कुठपर्यंत ओढणार?"

"अठ्ठावीस."

"मग मोडायचा तर अठ्ठावीसला मोडेल ना?"

यात चूक काढता येत नव्हती. कमठे बहुतेक शेवटच्या दोन-तीन इंचांतच मोडतात.

म्हणून मी दुसरा उपाय सुचवला. कमठा फांदीला बांधायचा आणि दोरीला छत्तीस किलो दगड टांगायचे. बांबूवर येणारा ताण तोच, माणूस ओढो की दगड. लगेच करूनही दाखवलं. पोत्यात दगड भरले, तोलले, टांगले. लाल दोरा जागेवर आला. दहा मिनिटं ठेवलं. कुठे तडा नाही, आवाज नाही.

"झालं!" भगीरथ म्हणाला. "टेस्ट पास."

नवसूबाबा पोत्याकडे बघत होते. "बाय, दगडाला डोळे असतात का?"

"नाही."

"मग त्याचं काय जातं?"

मंगळ्याकाकांनी उठून पोतं सोडलं.

सोळा तारखेला भगीरथ मला ओढ्यापाशी बाजूला घेऊन म्हणाला, "हर्षे, मी साहेबाला सांगतो बाबांनी ओढला म्हणून. त्याला काय कळणार आहे? तू फक्त एक कागद लिहून दे. बी.एस्सी. लिही सहीखाली."

"ओढला नाही तर कसं लिहू?"

"तू दगड लिही ना. दगडांनी ओढला असं लिही. खोटं कुठे आहे त्यात?"

नवसूबाबा मागे हात धुवत होते. त्यांनी ऐकलं. वर अंगणात येऊन कमठा मांडीवर घेऊन बसले.

"भगीरथ, तुझा साहेब हा ओढणार कसा?"

"म्हणजे?"

"माझ्याच्याने येत नाय. मी लहानपणापासून ओढतो. त्याच्याने येतो का?"

भगीरथने माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठीकडे पाहिलं. रेड्याचं वजन होतं, बरगड्या होत्या, साहेबाची उंचीसुद्धा होती. साहेबाला किती ओढता येतं हे कुठेच नव्हतं.

"मुसळ उचलायला लावलं नाय मी त्याला," नवसूबाबा म्हणाले. "चूक माझी हाय. रेड्याच्या मापाचा कमठा केला."

"फोन करून विचार," मी भगीरथला म्हटलं.

"वेडी आहेस का? साहेबाला काय विचारू, तुझ्यात दम किती?"

"असंच विचार," मंगळ्याकाका म्हणाले. "पण साहेब म्हण पुढे."

शेणव्याच्या एसटीडी बूथवर भगीरथने तीनदा नंबर फिरवला आणि दोनदा लागायच्या आत ठेवून दिला. तिसऱ्यांदा साहेब फोनवर आला. भगीरथने आधी तब्येत विचारली, मग साहेबाच्या कुत्र्याची तब्येत विचारली, मग प्रश्न विचारला. मग साहेब काहीतरी बोलला. भगीरथने फोनवर हात ठेवून मला सांगितलं, "पंचावन्न पौंड. तेही सकाळी. ऐंशीची तो सवय करणार म्हणतोय."

"कधी?"

त्याने विचारलं नाही. मीही आग्रह केला नाही.

पंचावन्न पौंड म्हणजे पंचवीस किलो. मी आकडा सांगितल्यावर नवसूबाबांनी कोयता उचलला. तासलेला बांबू परत चिकटत नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. चार वर्षं धुरात राहिलेला तसा दुसरा बांबू माळ्यावर नव्हता. पहिली ढलपी निघाली तेव्हा भगीरथ उठून अंगणाच्या कडेला गेला.

"पण पंचवीस किलोने रेडा मरेल का?" त्याने तिकडूनच विचारलं.

"नाय."

"मग?"

"मग साहेब वाचेल," नवसूबाबा म्हणाले.

"रेडापण," मंगळ्याकाका म्हणाले.

तेहतीस. साडेएकोणतीस. सव्वीस. सव्वीसला नवसूबाबांनी कोयता ठेवला आणि फुटक्या बाटलीची काच घेतली. काचेने खरवडलं की पिठासारखा भुसा पडतो, आणि आकडा शंभर-शंभर ग्रॅमने उतरतो. अठरा तारखेला दुपारी काटा पंचवीसवर आला.

पंचवीस त्यांना सोपा नव्हता. चोवीस इंचांवर चोवीस किलो ही त्यांची हद्द होती. इथे वजनही जास्त होतं आणि चार इंचही. खांदा अजून पुरता बसला नव्हता. ते अंगणाच्या मध्यावर उभे राहिले, पाय रोवले, लाल दोऱ्याचा बाण लावला. या वेळी मंगळ्याकाका आपली जागा सोडून आले आणि भावाच्या डाव्या बाजूला, कमठ्याच्या अगदी जवळ उभे राहिले. कोणी त्यांना सरका म्हटलं नाही.

दोरी छातीशी आली. हनुवटीशी आली. मग तसूतसूने कानाच्या मागे गेली. बाणावरचा लाल दोरा कमठ्याच्या मुठीला टेकला.

"एक," सावळीकाकू म्हणाली. "दोन. तीन."

कोंबडी तांदळाच्या सुपात शिरली.

"हाड! मेली कुठची!" काकूने सूप उचलून ओट्यावर ठेवलं. सांडलेले दाणे गोळा करून सुपात टाकले.

"चार झाले का गो?" मंगळ्याकाकांनी विचारलं.

"नाय. चार." आणि मग, मला वाटतं गरजेपेक्षा थोडं उशिरा, "पाच."

माझ्या घड्याळात तेवीस सेकंद झाले होते. नवसूबाबांनी दोरी हळूहळू परत आणली, बाण काढला, आणि कमठा भगीरथच्या हातात दिला. मग ते खाली बसले आणि संध्याकाळपर्यंत उजव्या हाताने पाणी प्यायले नाहीत.

मी कागद लिहून दिला. अठ्ठावीस इंचांवर पंचवीस किलो, करणाऱ्याने स्वतः ओढला, तेवीस सेकंद. खाली सही आणि बी.एस्सी. भगीरथने तो कमठ्याबरोबर पाण्याच्या प्लॅस्टिकच्या पाइपात घातला, दोन्ही टोकं बंद केली आणि वीस तारखेला घेऊन गेला.

जाताना नवसूबाबांनी त्याला निरोप दिला होता. "साहेबाला सांग, तुझी सवय झाली की आकडा कळव. तोपर्यंत मीपण बघतो."

मला वाटलं होतं ते असंच बोलले. जानेवारीत, म्हशाच्या जत्रेच्या दिवसांत, वाडीवर गेले तर माळ्यावर दोन नवे बांबू धुरात घातलेले होते. अंगणात नवसूबाबा एका जुन्या कमठ्याला बांबूची आणखी एक पट्टी बांधून ओढत होते, लाल दोऱ्यापर्यंत, आणि सावळीकाकू तांदूळ निवडता निवडता मोजत होती. माझ्या पिशवीत वखारीतला काटा होता. सव्वीस किलो सहाशे ग्रॅम भरले. मार्चमध्ये सत्तावीस नऊशे.

साहेबाकडून अजून आकडा आलेला नाही.