रूपाच्या वाट्याचे पुस्तक

पुस्तक उघडलेले होते आणि रूपा वाचत नव्हती.

औरंगपुऱ्यातल्या स्टेशनरीच्या दुकानावरची ती खोली. पंखा फिरत होता, खालून रिक्षांचे हॉर्न येत होते. तरीही आत एक शांतता होती आणि ती क्षणाक्षणाला जड होत चालली होती. पुस्तकाभोवतीचा वर्तमानपत्राचा कागद रूपाच्या मांडीवर सोललेल्या सालीसारखा पडला होता.

महिन्यातून एका रविवारी दुपारी चौघे इथे जमत. आपले पुढचे पुस्तक कोणी स्वतः निवडायचे नाही. उरलेल्या तिघांनी ते एकमताने निवडायचे आणि कागदात गुंडाळून हातात द्यायचे. ज्याचे त्याने सर्वांसमोर उघडून पहिले वाक्य मोठ्याने वाचायचे, आणि मग महिनाभर त्या पुस्तकाशी संसार करायचा. ही कल्पना मोनिकाताईंची. त्या महाविद्यालयात मराठी शिकवत. "माणूस स्वतःसाठी निवडतो तेव्हा आरसाच निवडतो," असे त्या म्हणत, "दुसऱ्यानं निवडलं की खिडकी मिळते." त्या वाक्यासाठीच तर दोन वर्षांपूर्वी रूपा हा जिना चढली होती.

"रूपा, वाचतेस ना?" मोनिकाताईंनी विचारले.

"न वाचताच सांगू?" तिच्या आवाजात थकवा होता; राग असता तर सगळ्यांना सोपे गेले असते. "चूल असेल. विझलेली. नाहीतर पाणवठा असेल, आणि तिथून हाकललेली कोणीतरी बाई."

मग तिने पान सरळ केले आणि वाचले, "त्या सकाळी आईनं चुलीत हात घातला, तर राखही गार होती."

"घ्या! पेपर फुटला!" बद्रीनाथभाऊ हसले. ते बँकेत अधिकारी होते, गावाकडे त्यांची मोसंबीची बाग होती आणि अवघडलेल्या जागी विनोद पेरायची त्यांना जुनी सवय होती. कोणीच हसत नाही असे पाहून ते खोकले.

"वाक्य चांगलं आहे," रूपा म्हणाली आणि तिने पुस्तक मिटले. "पण पुन्हा तेच, ताई?"

"तेच कसं? फार मोलाचं पुस्तक आहे हे. आम्हाला वाटलं, तुला ते आतून भिडेल."

"आतून."

तो शब्द तिने उलटून पाहिला. वाळूजच्या एका कारखान्यात ती तपासणी विभागात होती. पोलादाची गोल कडी दिव्याखाली धरायची, सावकाश फिरवायची, केसाएवढा तडा दिसला की बाजूला ठेवायची. डोळ्यांना त्याचे वळण पडले होते. बसमध्ये, घरी, आरशासमोरही ते आधी तडाच शोधत.

"ही पुस्तकं आमच्या घरात भिंतीला टेकून उभी आहेत," ती म्हणाली. "मुकुंदवाडीच्या विहारात वंदना झाली की बाबा ओट्यावर बसून वाचून दाखवायचे. बाबांच्या, म्हणजे साहेबरावांच्या, ओट्यावर रडून झाल्याशिवाय आमच्या गल्लीत कोणी जेवायचं नाही. मी अक्षरं तिथंच शिकले. त्या पुस्तकांशी माझं भांडण नाही, ती माझी नात्यातलीच आहेत. पण इथं मी परक्यांना भेटायला येते, ताई. आणि तुम्ही दर वेळी दार उघडून माझ्याच घरचं माणूस पुढं करता आणि म्हणता, बघ, ओळख."

"असं नको बोलूस गं," मोनिकाताई म्हणाल्या. "आम्ही किती विचार करून..."

"माहीत आहे. म्हणून तर इतके दिवस बोलले नाही." ती थांबली. "बद्रीनाथभाऊंना आपण समुद्राचं पुस्तक का दिलं?"

"आता मला कशाला मधी घेता?" भाऊ म्हणाले. "मी तवाच म्हणलं होतं, ज्याच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय, त्याला समुद्र कशाला? पण लई भारी निघालं. घरची मंडळी म्हणतात, आता गच्चीवर होडी बांधू नका म्हणजे झालं."

या वेळी रूपाही किंचित हसली. "भरती कुठपर्यंत यायची हे पाण्याला कसं कळतं, असं भाऊंनी एकदा मला या जिन्यात विचारलं होतं. ते मी लक्षात ठेवलं." हसू ओसरले. "माझं काय लक्षात ठेवलंत तुम्ही?"

पंख्याच्या वाऱ्याने वर्तमानपत्राचे एक टोक उचलले जाई आणि पुन्हा खाली बसे.

खालचे दुकान इंद्रजीतचे होते. पुस्तकावरून सरकवून काढलेल्या सुतळीची गाठ तो मघापासून नखाने सोडवत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "पतंगांचं एक पुस्तक होतं. दिव्याभोवती येतात, त्या पतंगांचं. सेकंड शिफ्टला तुझ्या दिव्यावर एक येऊन बसतो आणि तो उडेपर्यंत तू हात थांबवतेस, असं तू एकदा सांगितलं होतंस."

रूपाने त्याच्याकडे पाहिले. हे आपण सांगितले होते, हे ती स्वतःच विसरली होती.

"मग?"

"सुचवलं मी. पण एकमत लागतं ना."

"आणि तू सोडून दिलंस."

"व्हय," तो म्हणाला. गाठ सुटली नव्हती.

"मीच नको म्हटलं," मोनिकाताई हलकेच म्हणाल्या. "मला वाटलं, पतंगांचं पुस्तक हातात ठेवलं तर आपण तुला हलकं लेखल्यासारखं होईल."

त्या खोटे बोलत नव्हत्या. रूपाला ते कळले, आणि त्यामुळेच ती अधिक थकली. अपमानाला उत्तर देता येते. या आदराचे काय करायचे?

तिने पुस्तक पुन्हा कागदात गुंडाळले. घड्या जुन्याच ओळींवर पडल्या. मग ते तिने मोनिकाताईंच्या समोर ठेवले.

"तुमचं या महिन्याचं निवडायचं राहिलंय. मी हे सुचवते."

बद्रीनाथभाऊंनी मोनिकाताईंकडे पाहिले, मग स्वतःच्या तळव्यांकडे. "माझी हरकत नाय," ते म्हणाले. इंद्रजीतने मान हलवली.

"अगं, हे मी दर वर्षी वर्गात शिकवते," मोनिकाताई म्हणाल्या.

"शिकवता, माहीत आहे. पहिलं वाक्य वाचा."

त्यांनी कागद सोडला, चष्मा लावला. वर्गात कमावलेल्या त्या स्वच्छ, उंच आवाजात त्यांनी सुरुवात केली, "त्या सकाळी आईनं चुलीत हात घातला, तर..." आणि आवाज कुठेतरी अडला. समोर बाके नव्हती, फळा नव्हता. फक्त तीन माणसे ऐकत होती, आणि ते वाक्य आज त्यांच्या वाट्याला आले होते. बऱ्याच वेळाने, जवळजवळ स्वतःशीच, त्यांनी ते पुरे केले. "राखही गार होती."

रूपाने ओळखपत्राची फीत गळ्यात अडकवली, सॅक उचलली. कंपनीची बस क्रांती चौकातून सुटणार होती. या खोलीतून ती पहिल्यांदाच रिकाम्या हाताने निघाली होती, आणि त्या रिकामेपणाचे तिला सुख वाटत नव्हते. फक्त खांद्याला तेवढे ओझे कमी होते.

ती जिन्याच्या मधल्या पायरीवर असताना मोनिकाताई दारात आल्या. चष्मा अजून डोळ्यांवरच होता.

"रूपा, ते पतंगांचं गुंडाळून ठेवते गं. चालेल ना तुला? पुढच्या वेळी येशील?"

रूपा थांबली. घसरलेला सॅकचा पट्टा तिने खांद्यावर नीट बसवला, आणि मागे न पाहता उरलेल्या पायऱ्या उतरून ती औरंगपुऱ्याच्या गर्दीत निघून गेली.