घटाआधीची धुणी

२०१९ सालचा भाद्रपद. घट बसायला सहा दिवस उरले होते आणि केडगावातल्या दोन खोल्यांच्या त्या घरात विजयमाला आईसमोर तडकलेला प्लास्टिकचा मग धरून बसली होती.

"आई, हा देऊ का?"

बनुबाईंनी मग उलटा करून तळाची चीर अंगठ्यानं चाचपली. "माती भरून तुळस लावता यील."

"लावणार तू?"

"न्हाई लावली तरी आसू दे."

आत चालायला हातभर वाट होती. दोन्ही बाजूंना तेलाचे डबे, बाटल्या, रद्दी, धडुती, बंद पडलेले पंखे छातीपर्यंत रचलेले. नवरा गेला त्या वर्षापासून ढीग वाढत गेला. का साठवता म्हणून विचारलं, की बनुबाई दर वेळी वेगळंच सांगायच्या. कधी माहेरी जामखेडला टँकरपुढं भांडी कमी पडायची ते, तर कधी पोरांना लागेल म्हणून.

शेजारच्या गीताबाई ओट्यावरून ओरडायच्या, "बनुबाई, तुमच्या घरात मानूस हरवलं तर वर्सानं घावंल!"

"घावंल तर खरं! तुमच्याकडं हाय ती सून बी टिकंना."

सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या बाईंनी विजयमालाला बजावलं होतं, "हा आळस नव्हे, आजार आहे. ओढून काही घेऊ नका. एकेक वस्तू त्यांच्याच हातानं सुटली पाहिजे. त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे, तो जपा."

चार महिन्यांत गॅसच्या ओट्याभोवतीची जागा मोकळी झाली होती. त्या दिवशीही बऱ्याच वेळानं बनुबाईंनी मग पुढं केला. "घे. पर भंगारात नको घालू. कुनाच्या तरी कामी पडू दे."

संध्याकाळी चाकणहून कल्याण आला, विजयमालाचा धाकटा भाऊ.

"ताई, चार महिन्यांत तू एक कोपरा केलास. असं करायचं तर आई दोनशे वर्षं जगायला पाहिजे. परवा डबे पडले तिच्या अंगावर. उद्या आग लागली तर?"

"बाई नको म्हणाल्यात रे."

"बाई येणारेत का तिला आगीतनं काढायला? घटाआधी सगळेच घर धुऊन काढतात. सणाचं निमित्त आहे. तू फक्त तिला दिवसभर बाहेर ने."

विजयमाला हो म्हणाली नाही. नाही, असंही म्हणाली नाही.

गुरुवारी तिनं आईला डोळे तपासायला नेलं. बनुबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. रिक्षात लेकीचा हात धरून म्हणाल्या, "इजे, तू हायेस म्हनून घर सोडून जायाचं भ्या वाटत न्हाई."

घट बसायच्या आधी गल्लीभर गोधड्या वाळत असायच्या. परत आल्या तेव्हा त्यांच्याही दारात गोधड्या होत्या. घरात फिनेलचा वास होता. दोन टेम्पो भरून गेले होते, आणि कल्याण ओल्या चुन्याच्या हातानं हसत उभा होता.

"बघ आई, कसं लख्ख झालंय!"

बनुबाई मोकळ्या खोलीतून ओट्याकडं निघाल्या, अंग चोरून, तिरक्या होऊन, त्याच हातभर वाटेनं. ओट्याशी थांबल्या. कल्याणकडं त्यांनी पाहिलंही नाही.

"माझं डोळं दाखवायला गेल्तो व्हय गं आपून?" त्यांनी लेकीला विचारलं.

कल्याणचा पुढं चाकणला फ्लॅट झाला. दिवाळीला तो बहिणीला फोन करतो आणि सांगतो की मी तिच्या भल्यासाठीच केलं. त्यात खोटं काही नाही. गीताबाई लेकाकडं पुण्याला गेल्या. दवाखान्यातल्या बाई विजयमालाला रागावल्या नाहीत. "आता पुन्हा पहिल्यापासून," एवढंच म्हणाल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. पहिल्यापासून सुरू करायला आईनं दार मात्र उघडलं नाही. घर वर्षभरात भरलं, पहिल्यापेक्षा उंच.

विजयमाला अजून रोज दुपारी भाकरी घेऊन जाते. खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर येतो, भाकरी घेतो आणि आत जातो. ती भिंतीला टेकून उभी राहते. आतून पाणी प्यायल्याचा आवाज आला, की आईचं जेवण झालं असं समजून घरी परतते.